‘कोठून आले’ हा रकाना

तरुणपणी काही वर्षे मी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात काम केले. तिथल्या दाखल नोंदवहीत एक रकाना होता: ‘कोठून आले’. पुस्तक विकत घेतलेले असेल तर दुकानदाराचे नाव आणि बिलाचा क्रमांक, देणगी असेल तर देणाऱ्याचे नाव आणि पत्ता. तो रकाना कोरा असेल तर आमचे ग्रंथपाल पुस्तकावर शिक्का मारू द्यायचे नाहीत. सगळे त्यांना काका म्हणत. एकदा कोणीतरी दाराशी एक गाठोडे ठेवून गेले. आत शंभरेक वर्षांपूर्वीची, चांगल्या बांधणीची पुस्तके. मी हरखून लगेच नोंदी करायला बसलो. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, “पुस्तकं सोन्यासारखी आहेत रे, पण कोणाच्या घरातली ते कळेपर्यंत ती आपली नाहीत.” दोन महिन्यांनी उलगडा झाला. गावातल्या एका वाड्याच्या वाटणीत भावाभावांचे भांडण झाले होते आणि एकाने दुसऱ्याला न विचारता ती उचलून आणली होती. पुस्तके परत गेली.

इजिप्तच्या पपायरसांविषयी, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या तिथल्या प्राचीन कागदांविषयी, वाचताना मला हा रकाना पुन्हा पुन्हा आठवतो. पहिल्यांदा आठवला तो व्हिएन्नातल्या एका पपायरसामुळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा ग्रीक दस्तऐवज आपल्या देशाच्या इतिहासासाठी फार मोलाचा आहे. त्याच्या एका बाजूला केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटी आहेत: माल तांबड्या समुद्रावरून उंटांच्या पाठीवर वाळवंट ओलांडून कॉप्टॉसला कसा न्यायचा, तिथून नाईल नदीने अलेक्झांड्रियाला कसा पोचवायचा, सरकारचा चौथाई कर कसा भरायचा. दुसऱ्या बाजूला ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातून आलेल्या मालाचा हिशेब आहे. त्यात गंगेच्या खोऱ्यातल्या जटामांसीच्या ६० पेट्या आहेत, हस्तिदंत आहे, आणि मालाची मांडलेली किंमत आहे तेव्हाच्या ग्रीक चलनात ११५४ टॅलेंट आणि वर २८५२ ड्राक्मा. भारताशी चालणारा व्यापार रोमन काळात किती मोठा होता, हे एका जहाजाच्या खऱ्या आकड्यांनिशी सांगणारा असा दुसरा कागद नाही. हर्मान हाराउअर आणि पीटर सायपेस्टाइन यांनी १९८५ साली तो प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या विषयावरच्या प्रत्येक लिखाणात त्याचा आधार घेतला जातो.

आता तो रकाना पाहू. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हा पपायरस आला १९८० साली, खरेदीने. इजिप्तच्या कोणत्या गावात, कोणत्या घराच्या कोणत्या खोलीत तो पडून होता, याची नोंद नाही.

एखाद्याला वाटेल, मजकूर वाचता येतो ना, मग जागेशी काय करायचे? करायचे ते असे. अलेक्झांड्रियाची जमीन दमट आहे, तिथे पपायरस टिकत नाही. म्हणजे हा करार, किंवा त्याची नक्कल, शहर सोडून आत कोरड्या मुलखात कुठेतरी गेली होती. ती कोणाच्या पेटीत होती? सावकाराच्या मळ्यावरच्या कारभाऱ्याच्या? कॉप्टॉसच्या एखाद्या वखारवाल्याच्या? की तो नुसता नमुन्याचा मसुदा होता आणि एखाद्या लेखनिकाने जवळ ठेवला होता? शेजारी आणखी कोणते कागद होते? भारताच्या व्यापारात पैसा कोणाचा होता, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या जागेत होते. ज्याने कोणी तो जमिनीतून काढला आणि गुपचूप विकला, त्याने ते उत्तर पुसून टाकले. आणि ज्या ज्या हातांनी तो न विचारता पुढे सरकवला, त्या सर्वांचा या पुसण्यात हात आहे. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सरळ आहे. पपायरस जमिनीतून कपाटापर्यंत कसा आला, हा त्याच्या मजकुराचाच भाग मानला पाहिजे. ज्या संग्रहांकडे जुने पपायरस आहेत त्यांनी आपली खरेदीची दप्तरे, भाव, दलालांची नावे आणि पत्रव्यवहार सर्वांसाठी खुला करावा. आणि ज्या नव्या तुकड्याचा ठावठिकाणा सांगता येत नाही त्याला कोणत्याही अभ्यासकाने हात लावू नये, मग त्यावर काहीही लिहिलेले असो.

हे संग्रह बनले कसे ते आधी पाहावे लागेल. नाईलच्या दलदलीत वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीचा गाभा उभा चिरून, पट्ट्या एकावर एक आडव्या-उभ्या दाबून हा लिहिण्याचा पत्रा बनत असे. ओलाव्यात तो कुजतो, कोरड्या वाळूत दोन दोन हजार वर्षे टिकतो. १७७८ साली इजिप्तमधून एक गुंडाळी युरोपात आली आणि कार्डिनल बोर्जा यांच्या संग्रहात गेली. नील्स शाऊ या डॅनिश अभ्यासकाने ती १७८८ साली छापली. ती निघाली तेब्तुनिस गावात कालव्यांच्या बांधांवर राबलेल्या मजुरांची यादी. या गुंडाळीबरोबर एक गोष्टही आली: म्हणे अशा चाळीस-पन्नास गुंडाळ्या सापडल्या होत्या, व्यापाऱ्याने एकच घेतली आणि उरलेल्या तिथल्या लोकांनी धुराच्या सुवासासाठी जाळून टाकल्या.

ही गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही. पण ती फार सोयीची होती, म्हणून टिकली. १९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या) भाषेतली तेरा हस्तलिखिते सापडली तेव्हा पुन्हा तीच कथा आली: शेतकऱ्याच्या आईने काही पाने चुलीत घातली. त्या शोधाच्या एकूण हकिगतीवरच अलीकडे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. दोन्ही कथांचा साचा एकच. अडाणी शेतकरी जाळतो, शहाणा परदेशी वाचवतो. एकदा हा साचा मनात बसला की मग विकत घेणारा आपोआप तारणहार ठरतो आणि त्याला पावती कोण मागणार?

प्रत्यक्षात काय घडत होते? इजिप्तचे शेतकरी जुन्या ओसाड गावांच्या टेकाडांची माती खत म्हणून शेतात नेत. तिला सेबाख म्हणतात. आपल्याकडे जुन्या गावठाणाची पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकतात, अगदी तसेच. १८७७ च्या सुमाराला फय्यूम भागात अशा खोदाईत पपायरस हाती लागू लागले आणि त्यांना गिऱ्हाईक आहे हे कळले. थिओडोर ग्राफ या व्यापाऱ्यामार्फत हजारो तुकडे व्हिएन्नाला गेले, ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक रायनर यांनी ते घेतले आणि १८९९ साली सम्राटाला भेट दिले. आज त्या संग्रहात सुमारे १,८०,००० वस्तू आहेत. मुझिरिसचा कागद पुढे याच संग्रहात जाऊन बसला.

आणि नासधूस म्हणाल तर ती शिकल्यासवरल्यांनीही कमी केली नाही. ब्रिटिश म्युझियमसाठी खरेदी करणारे वॉलिस बज यांनी १८८८ साली लक्झरला आनीचा पपायरस मिळवला. मृताला परलोकाची वाट दाखवणाऱ्या मंत्रांची ही सुमारे २४ मीटर लांबीची सलग चित्रमय गुंडाळी. पोलिसांनी सील ठोकलेल्या घरातून, शेजारच्या हॉटेलच्या बागेच्या बाजूने भिंतीखाली भुयार खणून माल कसा बाहेर काढला, हे बज यांनी पुढे स्वतःच अभिमानाने लिहून ठेवले. लंडनला आणून त्या सलग गुंडाळीचे ३७ तुकडे केले आणि फळ्यांवर चिकटवले. चुलीत पाने घालणाऱ्या त्या बाईची गोष्ट, खरी की खोटी हे ठरायच्या आधीच, जगभर सांगितली गेली. कात्री चालवणाऱ्याला ‘सर’ ही पदवी मिळाली.

या सगळ्यात एक ठिकाण वेगळे उठून दिसते. कैरोच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटरवर बहनसा नावाचे गाव आहे, प्राचीन काळी त्याचे नाव ऑक्सिरिंकस. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजचे दोन तरुण, बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट, १८९६ च्या शेवटी तिथे गेले. त्यांनी देवळे-थडगी यांच्याऐवजी गावाचा उकिरडा खणला. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, याची फिटायला दीड-दोन हजार वर्षे लागली. जानेवारी १८९७ मध्ये खोदाई सुरू होताच येशूची वचने लिहिलेले पान मिळाले. पुढे एकेका दिवसात ३६ टोपल्या भरून पपायरस निघू लागले. ते ठेवायला पत्र्याचे डबे करणारे दोन कारागीर बसवले, तर दहा आठवडे ते खोदणाऱ्यांच्या वेगाला पुरे पडेनात. १९०७ पर्यंत वेगवेगळ्या हंगामांत मिळून पाच लाखांहून अधिक तुकडे हाती आले. १८९८ पासून ते खंडांनी छापले जात आहेत, ऐंशीहून अधिक खंड झाले तरी काम संपण्याचे नाव नाही. त्यात महाकाव्ये आहेत, कराच्या पावत्या आहेत, आणि बापाने आपल्याला अलेक्झांड्रियाला नेले नाही म्हणून ‘नेले नाहीत तर मी जेवणार नाही, पाणी पिणार नाही’ असे लिहिणारा थेऑन नावाचा रुसलेला पोरगा आहे. भारताच्या किनाऱ्यावर घडणारे एक ग्रीक प्रहसनही आहे. त्यातल्या भारतीय पात्रांची बोली कन्नड असावी की काय, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे.

ग्रेनफेल आणि हंट आजच्या अर्थाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. कोणत्या थरात काय होते, बाजूला कोणती मडकी होती, हे त्यांनी नीट टिपले नाही. खोदणाऱ्या माणसांची नावे खंडांच्या मुखपृष्ठावर कधी आली नाहीत. तरी त्यांनी एक गोष्ट केली. ज्या डब्यात तुकडे भरले त्या डब्यांना क्रमांक दिले, आणि तुकड्यांचे क्रमांक त्यावरून पडले. ऑक्सफर्डला गेल्यावर हे तुकडे विद्यापीठाच्या जुन्या गॅझेटच्या पानांत घडी घालून ठेवले गेले, पण क्रमांक राहिले. एवढ्याशा नोंदीने सव्वाशे वर्षांनी काय साधले ते पाहा.

२०१२ च्या सुमाराला अमेरिकेत कुजबुज सुरू झाली की मार्कच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचा) पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे. तसे असते तर ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या इतिहासातला तो सर्वात जुना पुरावा ठरला असता. कोणाकडे आहे, कोठून आला, कोणी सांगेना. २०१८ साली तो तुकडा ऑक्सिरिंकस खंडमालेत ५३४५ या क्रमांकाने छापून आला. काळ निघाला दुसऱ्या शतकाचा अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ. तुकडा बाजारातला नव्हताच. ग्रेनफेल-हंट यांची खोदाई जिने करवली त्या इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीच्या मालकीचा, आणि साठ्यातल्या क्रमांकावरून पाहता बहुधा १९०३ च्या खोदाईतला. जून २०१९ मध्ये एक विक्रीचा करार उघड झाला. त्यानुसार सोसायटीच्याच संग्रहातले शुभवर्तमानांचे तुकडे २०१३ साली हॉबी लॉबी या अमेरिकन दुकानसाखळीला विकले गेले होते. या कंपनीचे मालक वॉशिंग्टनच्या ‘म्युझियम ऑफ द बायबल’चे मुख्य आश्रयदाते. सोसायटीने आपला साठा तपासला तेव्हा सुमारे १२० तुकडे जागेवर नव्हते. बऱ्याच तुकड्यांची तर नोंदीची कार्डे आणि छायाचित्रेही गायब होती. पण कार्डांच्या नकला दुसरीकडे होत्या, म्हणून काय गेले ते कळले. तेरा तुकडे त्या म्युझियममध्ये ओळखू आले. सोसायटीने आणि पुढे कोर्टात कंपनीने ज्यांच्याकडे बोट दाखवले ते डर्क ऑबिंक हे ऑक्सफर्डचे तेव्हाचे नामांकित पपायरस-अभ्यासक आणि खंडमालेचे पूर्वीचे एक संपादक. त्यांनी चोरीचे आरोप साफ खोटे असल्याचे म्हटले आहे.

दोष कोणाचा हे ठरवणे कोर्टाचे काम. मला यात त्या कार्डाकडे लक्ष वेधायचे आहे. चोराला तुकड्याबरोबर कार्डही न्यावेसे वाटले, कारण कार्ड हीच त्या तुकड्याची ओळख होती. नोंद होती म्हणून चोरी पकडता आली. ज्या संग्रहांत नोंदच नाही, तिथून किती गेले असेल हे कोणालाच कधी कळणार नाही.

याच काळात साफोच्या नव्या कवितेचे प्रकरण झाले, आणि ते मला जास्त लागले. ग्रीक भाषेतली ही थोर कवयित्री आपल्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांतच पोचली आहे. २०१४ च्या सुरुवातीला बातमी आली की एका खाजगी मालकाकडच्या पपायरसावर तिच्या भावांविषयीची, जवळजवळ पूर्ण कविता मिळाली. खारॅक्सोस आणि लॅरिखोस ही भावांची नावे, समुद्रावरून न परतलेल्या भावाची वाट, घराची काळजी. कोणाही कविताप्रेमी माणसाचे डोळे भरून यावेत अशी गोष्ट. मीही भाषांतर शोधून वाचले आणि त्या दिवशी कोठून आले हे विचारले नाही, हे कबूल करतो. त्या पपायरसाची हकिगत मात्र सांगता सांगता बदलली. आधी ममीच्या आवरणाच्या लगद्यातून निघाला अशी एक सांगितली गेली, मग तो लगदा ममीचा नव्हता आणि २०११ च्या लिलावात घेतला अशी दुसरी. मायकल सॅम्पसन या अभ्यासकाने २०२० साली लिलावगृहाच्या विक्री-पुस्तिकेतल्या डिजिटल छायाचित्रांच्या तारखा तपासून ही हकिगत टिकत नाही हे दाखवले. पुढल्या वर्षी प्रकाशकाने त्या उगमकथेचे प्रकरण अधिकृतपणे मागे घेतले. कविता खरी आहे, असेच बहुतेक जाणकार मानतात. पण ज्या कागदावर ती आहे त्याच्याविषयी छापलेले खोटे होते आणि अनेक वर्षे शेकडो जाणत्या लोकांनी ते चालवून घेतले.

तिसरे उदाहरण याच्या उलट बाजूचे. सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी व्हिजिटिंग कार्डाएवढा कॉप्टिक तुकडा जगापुढे ठेवला. त्यावर येशूच्या तोंडी ‘माझी बायको’ असे शब्द होते. भाषेचे जाणकार पहिल्या आठवड्यापासून साशंक होते. प्रयोगशाळेत कार्बन चाचणी झाली, शाईची चाचणी झाली. पपायरस खरोखरच शेकडो वर्षे जुना निघाला, शाईतही आधुनिक काही आढळले नाही. यंत्रांनी तुकडा पास केला. नापास केला तो ‘कोठून आले’ या प्रश्नाने. २०१६ साली एका पत्रकाराने विकणाऱ्याचा माग काढत फ्लोरिडातल्या एका माणसाचे घर गाठले. बर्लिनमध्ये इजिप्तविद्या अर्धवट शिकलेल्या या माणसाने दिलेली आधीच्या मालकाची कागदपत्रे खोटी ठरली, आणि किंग यांनीही तुकडा बनावट असावा हे मान्य केले. जुना कोरा पपायरस बाजारात मिळतो, जुन्या पद्धतीची काजळीची शाई घरी करता येते. खोटी वंशावळ मात्र कोणी दारोदार जाऊन चौकशी केली की उघडी पडते. ती चौकशी पहिल्या दिवशी केली असती तर चार वर्षांचा गदारोळ वाचला असता.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कारण ते पोकळ नाही. या विषयातले काही प्रामाणिक लोक म्हणतात, ठावठिकाणा नसलेल्याला हात लावायचा नाही असा नियम शंभर वर्षांपूर्वी असता तर ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ आपल्याला मिळालाच नसता. एका मळ्याच्या इसवी सन ७८-७९ च्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या त्या गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियमने इजिप्तमधून विकत आणल्या आणि फ्रेडरिक केनियन यांनी १८९१ साली छापल्या. मुझिरिसचा करारही मिळाला नसता. तुम्ही घेतला नाहीत तर एखादा धनिक घेऊन तिजोरीत टाकील, मग ज्ञानाचे नुकसान कोणाचे?

हा युक्तिवाद मी बरीच वर्षे मनात घोळवला आहे. त्यात एक गृहीत लपलेले आहे: तुकडे आधीपासून बाजारात आहेत आणि आपण फक्त घ्यायचे की नाही हे ठरवतो. पण बाजारात ते येतात गिऱ्हाईक आहे म्हणून. आणि गिऱ्हाईकाला भाव कळतो अभ्यासकामुळे. एका ओळीवर ‘हा होमर’, ‘हा योहान’ असे जाणत्याने म्हटले की त्याच चिंधीची किंमत कित्येक पटींनी चढते. २०११ च्या उठावानंतर इजिप्तमध्ये पहारे ढिले पडले तेव्हा अल हीबासारख्या ठिकाणी खड्ड्यांवर खड्डे पडले, हाडे विखुरली, ममींची आवरणे फाडली गेली. ते खड्डे पाडणाऱ्यांना ग्रीक येत नव्हते. कुणीतरी ग्रीक येणारा कुठेतरी दूर वाट पाहत बसला आहे, एवढे त्यांना ठाऊक होते.

याच हॉबी लॉबीचे आणखी एक प्रकरण आहे. इराकमधल्या कीलाक्षर मृत्तिका-पट्ट्या ‘फरशीचे नमुने’ असे पाकिटावर लिहून अमेरिकेत आल्या. २०१७ साली कंपनीला ३० लाख डॉलर भरावे लागले आणि हजारो वस्तू सोडाव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये म्युझियम ऑफ द बायबलने सुमारे ५,००० पपायरस आणि इतर वस्तू इजिप्तला परत केल्या. एवढ्या वस्तू घेताना एकदाही कोणी ‘कोठून आले’ असे ठामपणे विचारले नसेल का? विचारले असेल, उत्तर नको होते.

जुन्या खरेदीविषयी माझे मत वेगळे आहे आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. अथेन्सचा ग्रंथ किंवा मुझिरिसचा करार आता पुन्हा पुरून टाकता येत नाही. तो वाचलाच पाहिजे, मात्र त्याच्या प्रवासासकट. हा प्रवास शोधण्यातून ज्ञानही मिळते, हे झेनॉनच्या दप्तराने दाखवले आहे. इजिप्तचा ग्रीक राजा दुसरा टॉलेमी याच्या अर्थमंत्र्याचा हा कारभारी. त्याचे कागद १९१४-१५ च्या सुमाराला फय्यूमच्या फिलाडेल्फिया गावात सेबाख खणणाऱ्यांना सापडले आणि कैरो, लंडन, फ्लॉरेन्स, मिशिगन, न्यूयॉर्क असे पांगले. कोणी कोणत्या साली कोणत्या दलालाकडून काय घेतले हे जुळवत जुळवत अभ्यासकांनी सुमारे १,८०० कागदांचे एक दप्तर पुन्हा उभे केले. द्राक्षमळे, डुकरे, कामगारांची गाऱ्हाणी, सारे एका माणसाच्या टेबलावर परत आले. खरेदीची पावती इथे मजकुराइतकीच बोलकी ठरली.

म्हणून संग्रहांकडे पहिली मागणी ही की पावत्या उघड करा. लाज वाटण्यासारखे असेल तरी करा. तुमच्या पूर्वसुरींनी अधिकाऱ्याला काय दिले, कोणते पार्सल कोणत्या नावाने पाठवले, हे आता कोणाला तुरुंगात घालण्यासाठी नको आहे. एका कागदाचा दुसऱ्याशी सांधा जोडण्यासाठी हवे आहे. दुसरी मागणी, ही माहिती अरबीतही द्या. पाच लाख तुकडे ज्या बहनसाच्या मातीतून गेले, तिथल्या शाळेतल्या मुलीला आपल्या गावाचे नाव अरबीत टाकून काय कोठे आहे ते पाहता आले पाहिजे. तिसरी विद्वत्सभांना: ठराव कागदावर ठेवू नका. अमेरिकन पपायरस-अभ्यासक संघटनेने चोरट्या व्यापाराविरुद्ध २००७ साली ठराव केला होता, आणि साफोचे प्रकरण त्यानंतर सात वर्षांनी घडले. नियतकालिकाच्या संपादकाने आमच्या काकांसारखी वही मिटली असती तर ते तिथेच थांबले असते.

सर्व पपायरस इजिप्तला परत करा, असे मी म्हणत नाही. ग्रेनफेल-हंट यांच्या काळी खोदाईतला वाटा कायद्याने परवानगी घेऊन नेला जात असे आणि तो व्यवहार लपलेला नव्हता. पण अशा वाट्यांनाही पुढे पाय फुटले. ऑक्सिरिंकसचा योहानाच्या शुभवर्तमानाचा एक पत्रा अमेरिकेतल्या धर्मशिक्षणाच्या संस्थेला अभ्यासासाठी मिळाला होता, तिने तो २००३ साली लिलावात विकला. अभ्यासासाठी दिलेली वस्तू विकायची तर निदान देणाऱ्याला, आणि ज्या देशातून आली त्याला, आधी विचारावे. आणि १९८३ साली इजिप्तने पुरावस्तूंचा व्यापारच बंद केल्यानंतर जे बाहेर पडले, त्याचा हिशेब देता येत नसेल तर ते परत जावे. जून २०२४ मध्ये एक जुने कॉप्टिक हस्तलिखित लंडनच्या लिलावात ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. कधीकाळी ते एका विद्यापीठाचे होते. तेव्हाही नियम मोडला नसेल, पण विद्यापीठे हे कागद विकू लागली की पुढच्या खड्ड्यांना भाव मिळतो.

नोंद ठेवणे तेव्हा शक्य नव्हते, असे कोणी म्हणाले की मला चार्ल्स विल्बर आठवतात. या अमेरिकन गृहस्थांनी १८९३ साली आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर अरेमाइक भाषेतले पपायरस घेतले. तिथल्या ज्यू वसाहतीतल्या एका देवळाच्या सेवकाच्या घरातले, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले: लग्नाचे करार, घराची खरेदी, गुलाम स्त्रीची मुक्तता. १८९६ साली विल्बर वारले, कागद एका पेटीत पडून राहिले आणि मुलीच्या मृत्यूनंतर १९४७ साली ब्रुकलिन म्युझियमला मिळाले. विल्बरनी लिहून ठेवले होते की हे कागद बेटावरच्या टेकाडातले असून तीन वेगवेगळ्या बायकांनी वेगवेगळ्या वेळी आणून दाखवले. एका ओळीची टीप. पण तीमुळे साठ वर्षांनी छापताना जागेविषयी शंका राहिली नाही. त्या तीन बायकांची नावे त्यांनी लिहिली असती तर किती बरे झाले असते. पाचव्या शतकातल्या त्या घरातल्या बायकांची नावे आपल्याला माहीत आहेत, कागद सांभाळून आणणाऱ्यांची नाहीत.

विल्बरना ज्या बायका भेटल्या त्यांना आता विचारता येणार नाही. १९६०, ७० आणि ८० च्या दशकांत कैरोच्या, झुरिकच्या, लंडनच्या दुकानांतून झालेल्या विक्रीचे मात्र तसे नाही. त्या दुकानदारांची मुले आहेत, काहींच्या वह्या माळ्यावर असतील, खरेदीवर सही करणारे काही ग्रंथपाल निवृत्त होऊन घरी बसले असतील. हर्मापोलॉन जहाजाच्या हिशेबाचा कागद त्याच काळात विकला गेला. ज्यांना काही आठवत असेल त्यांच्या दारी कोणीतरी वही घेऊन जायला हवे, आणि ते याच वर्षी.